पाचवीच्या मुलांचे इंग्रजी जूनमध्ये कसे तपासावे

महाराष्ट्रातील मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे पाचवीत आलेल्या मुलाच्या मागे या विषयाची चार वर्षे असतात. तरीही एकाच वर्गात वाक्ये वाचणारी मुले आणि लहान लिपीतील ‘बी’ व ‘डी’ यांत गोंधळणारी मुले शेजारी शेजारी बसलेली दिसतात. पायाभूत लेखी चाचणीचे गुण हा फरक दाखवतात, पण मूल नेमके कुठे अडले आहे हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक मुलाजवळ दहा मिनिटे स्वतंत्रपणे बसावे लागते.

शाळा उघडल्यावर पहिला आठवडा मुलांना रुळू द्यावे. त्यानंतर रोज चार-पाच मुलांना, इतरांना ऐकू येणार नाही अशा ठिकाणी, एकेक करून बोलवावे. सूचना मराठीतच द्याव्यात, कारण सूचना न कळल्यामुळे चुकलेले उत्तर इंग्रजीबद्दल काहीच सांगत नाही. घरी पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलांबाबत तर सूचना समजली की नाही याची आधी खात्री करून घ्यावी.

सुरुवात ऐकण्यापासून करावी. ‘स्टँड अप’ किंवा ‘ओपन युवर बुक’ या आज्ञा मुले सवयीने पाळतात, म्हणून ‘पुट युवर पेन अंडर द बुक’ अशी कमी वापरातली सूचना द्यावी, म्हणजे ‘अंडर’ कळले की नाही ते लगेच दिसते. मग तीन-चार वाक्यांची छोटी गोष्ट इंग्रजीत सांगून प्रश्न विचारावेत. मुलाने मराठीत उत्तर दिले तरी त्याला गोष्ट समजली आहे, आणि तशीच नोंद करावी.

वाचनासाठी पाठ्यपुस्तकातील उतारा घेऊ नये, कारण तो अनेकांना तोंडपाठ असतो. ग्रामीण मुलांचे वाचन व गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणातील पायऱ्या इथे उपयोगी पडतात: मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द आणि शेवटी सोपी वाक्ये. मूल जिथे थांबेल ती त्याची पायरी. मात्र वाचून झाल्यावर अर्थ विचारलाच पाहिजे, कारण देवनागरीत वाचायला शिकलेली मुले अक्षरे जुळवून अपरिचित शब्दही उच्चारू शकतात, आणि शिक्षकाला ते वाचन वाटते. याउलट ‘टेबल’, ‘मोबाईल’ हे शब्द रोज बोलणारे मूल तेच शब्द छापलेले दिसले की अडखळते. पहिल्याला शब्दसंपत्ती हवी आहे आणि दुसऱ्याला अक्षर व ध्वनी यांची सांगड. दोघांना ‘कच्चे’ म्हणून एकाच गटात बसवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

लेखनासाठी पाच शब्दांचे श्रुतलेखन पुरेसे आहे. ‘फोन’ हा शब्द ‘एफ’ने लिहिणाऱ्या मुलाला ध्वनी ओळखता आला आहे, नुसते पाहून सुबक उतरवणाऱ्यापेक्षा तो पुढे असू शकतो.

नोंदवहीत गुणांऐवजी एक-दोन वाक्ये लिहावीत, जसे ‘लहान अक्षरे ओळखतो, तीन अक्षरी शब्दांवर थांबतो, ऐकलेले चांगले समजते’. हीच तपासणी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पुन्हा करावी. ऊसतोड कुटुंबांतील मुलांची तर आधी करावी आणि ती नोंद पालकांजवळ द्यावी, म्हणजे हंगामात ते मूल ज्या शाळेत बसेल तिथल्या शिक्षकांना पुढचा धडा कुठून घ्यायचा ते कळेल.