बोअरचं लाल पाणी: आधी हवा, मग शिंपले, मग वीज

दापोलीजवळच्या आमच्या वाडीत विहीर होळीनंतर तळ गाठते, म्हणून परसात बोअर मारली. उपसताना पाणी काचेसारखं, तासाभराने पिवळट, संध्याकाळी विटकरी. चहा काळा व्हायचा, नातवाचे शाळेचे शर्ट गेले. बावीस वर्षं हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं आहे, तेव्हा हे नीट करायचंच असं ठरवलं. जे उपयोगी पडलं ते लिहिते.

आधी रोग ओळखा. एका पेल्यात पावसाचं साठवलेलं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. दोन्हींत चिमूटभर हिरड्याची पूड टाका. बोअरचा पेला निळसर काळा झाला तर लोह आहे. किती आहे ते मात्र प्रयोगशाळाच सांगते. आमच्या नमुन्यात लिटरला ४ मिलिग्रॅम निघालं, पिण्याच्या पाण्याच्या मानकाची मर्यादा १ आहे. त्याच कागदावर सामू (pH, ७ च्या खाली गेला की पाणी आंबट) ६ होता आणि सगळी मेख तिथेच होती.

लोह गाळायचं तर त्याला आधी ऑक्सिजन हवा, तेव्हाच विरघळलेल्या लोहाचे गंजासारखे कण होतात. १ मिलिग्रॅम ऑक्सिजन जवळजवळ ७ मिलिग्रॅम लोहाला पुरतो आणि हवेशी नीट मिसळलेल्या लिटरभर पाण्यात आपल्या हवामानात साधारण ८ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे ऑक्सिजन मुबलक. पण सामू एकाने वाढला की ही क्रिया सुमारे शंभर पट वेगाने होते, एकाने उतरला तर तितकीच मंदावते. जांभ्या दगडातलं पाणी मऊ आणि आंबट, म्हणून आमच्या टाकीत थोडं लोह लाल होऊन दिसलं तरी बरंचसं दिवसभर तसंच विरघळलेलं राहायचं आणि गाळणीतून सरळ निघून जायचं.

उपाय किनाऱ्यावरच मिळाला. तिसऱ्यांचे शिंपले उकळून, घासून, खलबत्त्यात जाडसर फोडले आणि पिंपात वीतभर थर दिला. वर भोकांची थाळी, तिच्यातून पाणी पावसासारखं पडतं आणि शिंपल्यांतून सावकाश उतरतं. शिंपल्यातला चुना आंबटपणा मारतो. त्याखालच्या पिंपात तासभर थांबवून मग धुतलेल्या नदीच्या वाळूतून गाळा. समुद्राची वाळू नको. शिंपल्यांवर लाल साय धरते, म्हणून आठवड्याला ढवळून धुवा. नुसत्या लोहासाठी एवढं पुरतं, त्यासाठी वीज लावणं म्हणजे पैसे घालवणं.

वीज लागते ती श्रावणात, विहिरीच्या गढूळ पाण्याला. ती बारीक माती दोन दिवस ठेवली तरी बसत नाही, कारण तिच्या कणांवर ऋण भार असतो आणि ते एकमेकांना ढकलतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, पण तुरटीने आमचं आंबट पाणी आणखी आंबट होतं. विजेने तेच ॲल्युमिनियम पत्र्यातून सोडलं तर हा त्रास नाही.

वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली घ्या. १५ बाय २० सेंटिमीटरचे ॲल्युमिनियमचे दोन पत्रे, मध्ये एक सेंटिमीटर अंतर, प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी अडकवलेले. १२ व्होल्टची बॅटरी आणि एक अँपिअर मीटर. घरातली २३० व्होल्टची वीज चुकूनही लावू नका. स्टीलचे पत्रेही नकोत, त्यातून क्रोमियम आणि निकेल पाण्यात येतं.

पहिल्या दिवशी माझा मीटर ०.३ वर अडकला. मऊ पाण्यातून वीज वाहतच नाही. दोन ग्रॅम मीठ विरघळवलं आणि काटा १ च्या जवळ गेला. १ अँपिअर तासभर वाहिला की ०.३४ ग्रॅम ॲल्युमिनियम सुटतं, दहा मिनिटांत त्याचा सहावा हिस्सा. वीस लिटरमध्ये ते लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत बसतं, साधारण ३५ मिलिग्रॅम तुरटीइतकं. दहा मिनिटांनी वीज तोडा, लाकडी डावाने हळू ढवळा, अर्धा तास थांबा. कापसासारखे पुंजके तळाला बसतात. वरचं पाणी वाळूतून गाळा. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा हे अंगणात करा, चूल लांब ठेवा. दर वेळी तारांची अदलाबदल करा, नाहीतर एका पत्र्यावर पांढरा थर चढतो आणि दुसरा झिजून भोकं पडतात.

जंतू मारायचं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) शेवटी. हजार लिटरला २.५ ग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. मी आधी ते बोअरच्या कच्च्या पाण्यात टाकलं होतं, पाणी लगेच तांबडं झालं. १ मिलिग्रॅम लोह सुमारे ०.६ मिलिग्रॅम क्लोरिन खातं, म्हणजे आमच्या ४ मिलिग्रॅम लोहाने सगळा क्लोरिन गिळला आणि जंतूंसाठी काही उरलंच नाही. लाल पाण्याच्या वाड्यांत टीसीएल टाकूनही जुलाब होतात, त्यामागे हेही कारण असू शकतं. लोह काढा, मग टीसीएल, मग किमान तासभर थांबा.

आमच्याकडे विहिरीत जांभळं परमँगनेट टाकायची जुनी सवय आहे. कारखान्याजवळच्या किंवा पेट्रोलचा वास येणाऱ्या पाण्यात ते टाकू नका, अशी कळकळीची विनंती. जमिनीत परमँगनेट सोडून कारखान्यांतली विषारी द्रावकं (सॉल्व्हंट) मोडतात हे खरं, ट्रायक्लोरोएथिलीन हे तसलंच एक द्रावक त्याने मोडतं. पण पेट्रोलमधल्या बेंझिनला ते जवळजवळ हात लावत नाही, आणि मातीतल्या साध्या क्रोमियमचं विषारी षट्संयुजी क्रोमियम करू शकतं. आपला जांभा भोकाभोकांचा, तुमच्या बोअरमध्ये ओतलेलं शेजारच्या विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. असं पाणी उकळूनही पिऊ नका. बोअर बंद ठेवा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. देताना कशाचा वास येतो आणि जवळ काय आहे ते स्पष्ट सांगा, कारण नेहमीच्या तपासणीत तेल आणि द्रावकं पाहत नाहीत.