ड्रायव्हरला हात लावण्याआधी

पावसाळ्यात ठाण्यात कॉम्प्युटर मधेच बंद होऊन पुन्हा चालू झाला की पहिला संशय लाइटवर जातो. पण पंखा फिरतोय, वायफाय चालू आहे आणि कॉम्प्युटर एकटाच रीस्टार्ट होतोय, असं असेल तर दोष ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्स, वायफायसारखी उपकरणं विंडोजला चालवता यावीत म्हणून लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा असू शकतो. तयारीला लागा. घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून दुरुस्तीवाला कासारवडवलीला पोचेपर्यंत बरंच काही घरी करून ठेवता येतं.

सगळ्यात आधी कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग एक वही जवळ ठेवा. रीस्टार्ट किती वाजता झाला, तेव्हा काय चालू होतं आणि त्याआधीच्या आठवड्यात नवीन काय घातलं, ते लिहा. व्हिडिओ किंवा गेम चालू असताना होत असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधी तपासायचा. लॅपटॉप झोपेतून उठताना होत असेल तर बहुतेक वेळा वायफाय, ग्राफिक्स किंवा एखाद्या यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर अडकलेला असतो.

बिघाड झाला की विंडोज एरर दाखवून लगेच रीस्टार्ट होतं, त्यामुळे वाचायला वेळच मिळत नाही. म्हणून सिस्टिम प्रॉपर्टीजच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये, स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा आणि तिथेच ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडा, म्हणजे बिघाडाचा तपशील एका छोट्या फाइलीत साठेल. पुढच्या वेळी तो निळा स्क्रीन, नव्या विंडोज ११ मध्ये काळा, थांबून राहील. मोबाइलवर त्याचा फोटो काढा.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, तीही उघडून पाहा. १०७४ क्रमांकाची नोंद म्हणजे अपडेटनं किंवा कुणीतरी सांगून केलेला रीस्टार्ट, त्यात ड्रायव्हरचा दोष नाही. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद, म्हणजे कॉम्प्युटर नीट बंद न होता रीस्टार्ट झाला, दिसली तर तिच्या तपशिलातला बगचेक कोड, म्हणजे बिघाडाचा क्रमांक, वाचा. तो शून्य असेल तर आधी वीजपुरवठा, एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज देणारा डबा) आणि तापमान बघा. २०९ असेल तर ड्रायव्हरवरचा संशय बळकट होतो. डंप फाइल वाचणारं सॉफ्टवेअर कधीकधी विंडोजच्या स्वतःच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, नाव दाखवतं. तेवढ्यावरून विंडोजला दोषी धरू नका, खरा ड्रायव्हर त्याच्या मागे लपलेला असू शकतो.

आता बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर विंडोज चालू करताना, ती मागितली जाऊ शकते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं बंद पाडली. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण जिथे रिकव्हरी की हाताशी नव्हती तिथे तेवढंही करता येईना. तुमची की बहुतेक मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऐरोलीच्या किंवा महापेच्या आयटीवाल्यांकडून आधीच मागून घ्या.

पेनड्राइव्हवर लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर ठेवा, कारण नेमका तोच ड्रायव्हर काढावा लागला तर नेट बंद होईल. ते कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर बघूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं नकोत, त्यांनी चुकीचे ड्रायव्हर बसतात. विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणारं सिस्टिम रिस्टोअर कित्येक मशिनवर बंदच असतं. ते चालू करून एक रिस्टोअर पॉइंट बनवा, आणि अपडेट थोडे दिवस थांबवा, नाहीतर काढलेला ड्रायव्हर परत येऊ शकतो.

एवढं झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये संशयित उपकरणाचं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते फिकट दिसलं तर आधीचा ड्रायव्हर शिल्लक नाही, मग कंपनीच्या साइटवरून जुना घेऊन बसवा. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत नोंदवा. ड्रायव्हर व्हेरिफायर, म्हणजे ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देऊन दोषी शोधणारं विंडोजचं साधन, मात्र अगदी शेवटी, आणि तोही सेफ मोडमधून रीसेट करता येत असेल तरच. सेफ मोडमध्येही रीस्टार्ट होत राहिलं तर ड्रायव्हर सोडून रॅम आणि एसएमपीएसकडे वळा. दुरुस्तीवाला थेट ‘फॉर्मॅट मारू’ म्हणाला तर वही आणि फोटो त्याच्यासमोर ठेवा.