जुनं धुळे पायी बघायचं तर रजा कामाच्या दिवसाची टाका

रविवारी कचेऱ्या बंद, अभ्यासाच्या संस्थांना बहुधा सुट्टी, आणि घाऊक पेढी, वखार, सुताराचं दुकान कसं चालतं हे तर दिसतच नाही. म्हणून रजा मंगळवार ते गुरुवारमधली टाका. शुक्रवारी दुपारी मशिदींजवळ नमाजाची गर्दी असते, तेव्हा मोजमापाची टेप घेऊन तिथे घुटमळणं बरं नाही. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात खानदेशात पारा 42च्या वर जातो आणि सकाळी दहानंतर चालणं अंगावर येतं.

आदल्या दिवशी दोन कामं उरका. जुने कागद जपणाऱ्या राजवाडे संशोधन मंडळाला फोन करून वेळ आणि दुपारची सुट्टी विचारून घ्या. 1880 सालच्या खानदेश गॅझेटियरमधला धुळ्यावरचा मजकूरही वाचून ठेवा. सोबत 5 मीटरची टेप, वही, पेन्सिल, ओळखपत्र आणि दोन लिटर पाणी घ्या. चारचाकी गल्ल्यांत नेऊ नका. वळवायला जागा मिळत नाही.

धुळ्यात दोन गावं शेजारी शेजारी आहेत, हे आधी डोक्यात पक्कं असावं. पांझरेकाठचं जुनं धुळे वस्ती वाढत गेली तसं वाढलं. 1818मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळे निवडलं आणि जानेवारी 1819मध्ये कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळवली. त्या वेळी हे गाव नदी आणि सिंचनाचा पाट यांच्यामध्ये कोंडलेलं, भोवती बागायत असलेलं लहानसं गाव होतं. व्यापाऱ्यांनी येऊन राहावं म्हणून घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या आणि बांधकामाला आगाऊ रकमाही दिल्या. दुसरं गाव म्हणजे ही नवी पेठ. तिच्यातल्या सरळ, नंबर दिलेल्या गल्ल्यांचं मूळ या वसवणुकीत आहे.

सकाळी सातला जुन्या धुळ्यातून सुरुवात करा. ऊन कोवळं असतं, गाड्या कमी असतात, लोक ओट्यावर बसलेले असतात. दर तिठ्यावर थांबून नजर कुठे अडते ते पाहा आणि गल्लीची रुंदी पावलांनी मोजून लिहा. नंतर आग्रा रोड आणि पाचकंदीलच्या बाजूला येऊन नंबरच्या गल्ल्यांत हेच करा. इथे नजर सरळ पुढच्या चौकापर्यंत जाते. हा फरक नकाशावरून कळतो, पण पायाखाली आल्याशिवाय पटत नाही. जुन्या धुळ्यातच खुनी गणपती आणि खुनी मशीद आहे. नावामागे 1895चा रक्तपात आहे. आता विसर्जनाच्या दिवशी याच मशिदीपाशी गणपतीचं स्वागत होतं.

घर खालून वर वाचावं. आधी काळ्या दगडाचं जोतं, मग विटा, मग सागवानी खांब आणि तुळया, शेवटी छप्पर. पांढऱ्या मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत, अजून टिकलं असेल तर त्याचा फोटो घ्याच, कारण पत्रे आणि स्लॅब आल्यापासून ही घरं झपाट्याने जात आहेत. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिसला तर त्याखाली ओल शोधा. सिमेंट भिंतीतला दमटपणा बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि आतली माती भुसभुशीत होते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या दारावर कोरलेलं साल वाचताना. शके असेल तर 78 मिळवा: शके 1820 म्हणजे 1898. एक जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तिथी असेल तर 79. व्यापाऱ्यांच्या घरांवर विक्रम संवतही भेटतो, त्यातून 56 किंवा 57 वजा करा. शक आणि संवत यांत 135 वर्षांचं अंतर आहे, म्हणून नुसता आकडा टिपून भागत नाही. शेजारचं अक्षर ‘श’ आहे की ‘सं’ तेही लिहा. शिवाय हे साल कधी कधी फक्त दुरुस्तीचं असतं. खालचं जोतं त्याहून जुनं असू शकतं.

आत जायचं तर आधी ओट्याखाली उभं राहून विचारा. वडीलधाऱ्यांना नाना, अप्पा किंवा जिभाऊ म्हणा. ‘हाई घर कितलं जुनं शे?’ एवढं अहिराणीत आलं तर गप्पा आपोआप लांबतात. टेप आणि मोबाईल तोवर पिशवीत राहू द्या. घर मोजायला लागलात की भाऊबंदकीच्या वाटणीची किंवा घरपट्टीची शंका येते. जुनी मिळकत पत्रिका त्यांनी स्वतः दाखवली तर वाचा, तिचा फोटो मागू नका.

दुपारी शेवभाजी-भाकरी, थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी. मग ऊन टळेपर्यंत राजवाडे मंडळ. इतिहास संशोधक वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांचा संग्रह जपण्यासाठी 1927मध्ये हे मंडळ उभं राहिलं. ‘धुळ्याचं काय आहे?’ असं मोघम विचारलं तर वेळ वाया जातो. सकाळी पाहिलेल्या एकाच गोष्टीवर प्रश्न न्या, एखादी पेठ किंवा एखादं घराणं. कागदांजवळ शाईचं पेन काढू नका. मोडी येत नसेल तर मंडळाची छापील प्रकाशनं मागा. एका दुपारीत त्यांतूनच जास्त हाती लागतं.

चार-साडेचारला लहान पुलावरून पांझरा ओलांडून देवपुरात जा. एकवीरा देवीचं देऊळ याच काठावर आहे, आणि इथून मागे वळून पाहिलं की जुनं गाव नदीला किती खेटून वसलंय ते एका नजरेत दिसतं.

त्याच रात्री प्रत्येक फोटोला गल्लीचा नंबर, तारीख आणि कोणत्या दिशेने काढला ते लिहा. आठवड्याने दोन दारं एकसारखीच वाटायला लागतात. ज्यांनी घर दाखवलं त्यांना त्यांचे फोटो पाठवा.