रामकुंड ते गोंदेश्वर : पाण्यातलं प्रतिबिंब फोटोत नीट कसं घ्यायचं

नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फोटो काढायला जाणारे खूप आहेत पण बहुतेक जण देवळाचा फोटो काढतात आणि पाणी आपलं त्यात खाली येतं तेवढंच. प्रतिबिंब हवं असेल तर आधी पाणी बघायचं, देऊळ नंतर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्याचं प्रतिबिंब हवंय त्याच्यावर ऊन पाहिजे आणि ज्या पाण्यात ते दिसणार ते पाणी सावलीत पाहिजे. पाण्यावर थेट ऊन आलं की शेवाळ, तरंगणारं निर्माल्य, तळाची घाण सगळं उजळून दिसतं आणि प्रतिबिंब फिकं पडतं.

आता हे रामकुंडाला लावून बघा. गोदावरी इथे दक्षिणेकडे वळते त्यामुळे पंचवटी पूर्वेला आणि जुनं नाशिक पश्चिमेला. सकाळी सूर्य पंचवटीच्या मागून येतो, पलीकडच्या काठावरच्या इमारतींवर पहिलं ऊन पडतं आणि पंचवटीकडच्या पायऱ्यांजवळचं पाणी मात्र अजून सावलीत असतं, म्हणून सकाळी पंचवटीच्या बाजूला बसायचं आणि पलीकडचा काठ घ्यायचा. संध्याकाळी बरोबर उलटं. नारोशंकराचं देऊळ (1747 चं, तीच ती वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा असलेलं) पंचवटीच्या काठावर आहे, त्याची नदीकडची बाजू उन्हं कलताना उजळते, तेव्हा पलीकडे जाऊन समोरून घ्या. घड्याळ बघून जाऊ नका, सावली कुठे पडलीय ते बघा.

दुसरं म्हणजे कॅमेरा खाली न्या, अगदी खाली. पाण्यात सरळ वरून बघितलं तर साधारण 2 टक्केच प्रकाश परत येतो, म्हणून पायाशी तळ दिसतो आणि लांबचं पाणी आरशासारखं दिसतं. नजर पाण्याला घासून गेली, म्हणजे पाण्याशी 10 अंशांचा वगैरे कोन झाला, की हेच प्रमाण एक तृतीयांशाच्या पुढे जातं. मोबाइल असेल तर उलटा धरा, लेन्स खाली पाण्याजवळ येईल असा, फरक लगेच दिसेल. मोबाइलला दोरी लावून मनगटात अडकवा, आणि शेवटच्या पायरीवर उभं राहू नका, शेवाळ भयंकर निसरडं असतं, बसूनच काढा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलंय असं कळलं तर घाटावर उतरूच नका. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरून आपल्याकडे पूर मोजतात, तेव्हा ते पाणी वरच्या रस्त्यावरूनच बघायचं. तसंही गढूळ वाहत्या पाण्यात प्रतिबिंब मिळत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन, पहाटे वारा पडलेला असतो.

खाली बसल्यावर एक गंमत कळते, प्रतिबिंब म्हणजे वरच्या देवळाची हुबेहूब उलटी कॉपी नसते. कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याखाली असता तर त्याला जे दिसलं असतं ते आपल्याला पाण्यात दिसतं. म्हणून छत्रीची आतली बाजू, कमानीचा खालचा भाग, छज्ज्याखालचं कोरीवकाम पाण्यात जास्त दिसतं. पुलावरून काढलेल्या फोटोत वरचं आणि खालचं जुळत नाही ते यामुळेच, आणि ते न जुळणं मला तर कधीकधी जास्त आवडतं.

फोकस देवळावरच करा, कॅमेऱ्याला पाण्यातलं प्रतिबिंबही तेवढ्याच लांब वाटतं. पाण्यावर तरंगणाऱ्या फुलावर फोकस गेला की मोठ्या लेन्समध्ये वरचं आणि पाण्यातलं दोन्ही देवळं धूसर. मोबाइलवर देवळावर बोट दाबून धरा, लॉक झालं की एक्स्पोजर थोडं खाली ओढा, आकाश पांढरं होत नाही. पोलरायझर (पाण्यावरची चकाकी कमी करणारा, फिरवायचा फिल्टर) लावत असाल तर फिरवून फिरवून बघत राहा, चुकीच्या बाजूला फिरला तर प्रतिबिंबच गायब करतो, पाण्याशी 37 अंशांच्या आसपास त्याचा जोर सगळ्यात जास्त.

हलक्या लाटा असतील तर ट्रायपॉडवर अर्धा ते दोन सेकंद शटर ठेवा, पाणी गुळगुळीत होतं आणि येणारेजाणारेही पुसट होतात. हे दुसरं रामकुंडावर फार गरजेचं आहे. तिथे लोक आंघोळीला, अस्थी विसर्जनाला, दहाव्याला आलेले असतात. आंघोळ करणाऱ्या बायकांकडे आणि विधीला बसलेल्या माणसांकडे लेन्स करायची नाही म्हणजे नाही, कितीही सुंदर फ्रेम असू दे. त्र्यंबकेश्वरला कुशावर्त कुंडावर पण हेच. तिथे चारी बाजूंनी ओवऱ्या असल्यामुळे वारा कमी लागतो, पण पाणी स्थिर मिळणं कठीण, सारख्या डुबक्या चालू. वरून ओवऱ्यांचे खांब आणि त्यांची टोकं पाण्यात एवढंच घ्या.

संध्याकाळी आरतीच्या वेळी दिव्यांची प्रतिबिंबं हवीत तर उलट थोडा वारा असलेला बरा, लहान लाटांमुळे दिवा आपल्याकडे लांब पट्ट्यासारखा ओघळत येतो. इथे शटर फार लांबवू नका, ज्योतीचा आकार जातो.

सिन्नरचं गोंदेश्वर मात्र वेगळंच प्रकरण आहे. नाशिकपासून साधारण 30 किलोमीटर, यादवकाळातलं पंचायतन मंदिर (मधे मुख्य देऊळ, भोवती चार लहान), आणि जवळ कुंड नसलं तरी चालतं. पाऊस पडून गेला की दगडी फरसबंदीच्या खोलगट भागात पाणी साचतं, ताटाएवढं डबकं असलं तरी लेन्स त्याला एक इंचावर आणली की अख्खं शिखर मावतं. डबकं जितकं काळ्या दगडावर तितकं चांगलं, तळाचा प्रकाश वर येत नाही. ढगाळ दिवशी काळं देऊळ काळ्या पाण्यात हरवतं, म्हणून पावसानंतर ऊन पडेपर्यंत थांबा. मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते, तर मोबाइल नाहीतर छोटा कॅमेरा हातात धरूनच काम भागवा. चप्पल बाहेर काढायची असते, डबक्यात पाय घालून पाणी हलवू नका.

घरी आल्यावर फोटो सरळ करताना काठाची रेघ धरू नका, काठ तिरपा जात असतो. कळसाचं टोक आणि पाण्यातलं त्याचं टोक यांना जोडणारी रेघ उभी करा, फ्रेमच्या मधोमध असलेला कळस घ्या, म्हणजे फोटो बरोबर सरळ होतो. आणि खालचा भाग उजळ करायचा मोह होतो तो आवरा, प्रतिबिंब खऱ्यापेक्षा थोडं गडदच असतं, वरच्यापेक्षा उजळ झालं की बघणाऱ्याला काहीतरी खोटं वाटतं जरी नेमकं काय ते सांगता आलं नाही तरी.