जुन्या 1.8 टर्बोचा बूस्ट वाढवायचाय? आधी एवढं करा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये 1.8 लिटर टर्बो इंजिनाची जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, नुसता बूस्ट वाढवून द्या की, बाकी गाडी ओके हाय." बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो तो दाब. आणि बाकी गाडी कधीच ओके नसते. 2004 च्या आसपासची गाडी, तीन-चार मालक झालेले, सर्व्हिसची वही गायब. कंपनीनं 150 पीएस पॉवर आणि 210 न्यूटन मीटर टॉर्क दिला तेव्हा इंजिनात बरीच ताकद राखून ठेवली होती, हे खरं. पण त्यातली किती शिल्लक आहे हे तपासल्याशिवाय मी बूस्टचा मॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं (ईसीयू) सेटिंग, बदलायला लॅपटॉप उघडत नाही.

सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते. इंजिन चांगलं गरम करा, चारही कॉइल आणि प्लग काढा, इंजेक्टरचे कनेक्टर सोडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन मीटर लावून स्टार्टर मारा. चांगलं इंजिन 10 ते 13 बार दाखवतं. कंपनी दोन सिलिंडरांत 3 बारपर्यंत फरक चालवून घेते, पण तो नुसत्या चालत्या गाडीचा हिशेब झाला. बूस्ट वाढवायचा असेल तर मला दहा टक्क्यांच्या आत फरक हवा. एखादा सिलिंडर कमी निघाला तर लीकडाउन (हवेच्या गळतीची टेस्ट) करा. पिस्टन टॉपला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुसतंय तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून येतंय तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून येतंय तर रिंगा, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. यातलं काहीही निघालं तर बूस्टचा विषय तिथंच संपला, आधी इंजिनकाम.

मग ऑइल. प्रेशर मीटर लावून गरम इंजिनावर बघा: आयडलला एक बारच्या वर, 2000 आरपीएमला तीनच्या आसपास हवं. कमी असेल तर पंप बदलायच्या आधी चेंबर (खालचं ऑइलपात्र) उतरवा. या इंजिनात ऑइल पिकअपच्या जाळीत गाळ बसतो, आणि ऑइलची सगळ्यात पहिली उपासमार टर्बोची होते. टर्बोला ऑइल नेणारी नळीही आतून जळून अरुंद होते. ती साफ करत बसू नका, नवी टाका. ऑइल 502 स्पेकचं 5डब्ल्यू-40, आणि बूस्ट वाढवल्यावर दर 5000 किलोमीटरला बदली.

टर्बो बघताना इनलेटचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. बाजूला किंचित हलतो, ते चालतं. पुढं-मागं हलला किंवा पंख्याची पाती घराला घासलेली दिसली तर रिबिल्ड. जादा एक्झॉस्ट वळवून बूस्ट आवरणाऱ्या वेस्टगेटचा दांडा अडकत नाही ना आणि त्याचा बुश खडखडत नाही ना, तेही बघून घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदललाय हे मालकाला सांगता येत नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदला. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, त्यात चर्चेला जागा नाही.

आता हवेची गळती. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण अर्ध्या गाड्यांचा "बूस्ट कमी पडतोय" हा आजार इथंच सापडतो. एअरफ्लो मीटरनंतरच्या पाइपच्या मापाचा नायलॉनचा बूच लेथवर टर्न करून घ्या. आमच्या गल्लीत तो चहा होईपर्यंत मिळतो. त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा, बूच पाइपात घालून क्लिप आवळा. क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकला नेणारी नळी) बंद करायला विसरू नका, नाहीतर दाब ऑइल सीलवर जाईल. मग हवा हळूहळू सोडा, आधी 0.3 बार, नंतर 0.5, आणि साबणाचं पाणी मारत फिरा. बुडबुडे बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात: इनटेक मॅनिफोल्डखालच्या ब्रीदरच्या तडकलेल्या नळ्या, इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या रेडिएटरचे) जोड, आणि पाय काढल्यावर दाबलेली हवा परत इनटेकमध्ये सोडणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह, ज्याचा आतला पडदा फाटलेला असतो. कडक झालेल्या सगळ्या नळ्या एकदम बदला. एक बदलली की दाब दुसरीवर येतो.

डायव्हर्टरवरून आठवलं. पोरांना फुस्स आवाजाचा ब्लो-ऑफ, म्हणजे ती हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, पाहिजे असतो. या गाडीत एअरफ्लो मीटरनं हवा आधीच मोजलेली असते. ती बाहेर सोडली की ईसीयू न उरलेल्या हवेसाठी पेट्रोल टाकतो, गियर बदलताना गाडी काळा धूर सोडते. आवाज पाहिजेच असेल तर सायलेन्सरचा विषय वेगळा, पण हवा परत इनटेकमध्येच गेली पाहिजे.

प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारे) घ्या आणि गॅप 0.7 मिलिमीटर ठेवा. दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं अवघड जातं. या इंजिनाच्या कॉइल मरण्यासाठी प्रसिद्धच आहेत, चारही नव्या टाका. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉलमुळं सुजतात आणि तडकतात, तेव्हा इथेनॉलला टिकणाऱ्या बसवा. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर लावलात तर त्यावर लॅम्डा बघा: 1 म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त. 14.7 (एक भाग पेट्रोलला हवा) हा आकडा शुद्ध पेट्रोलचा, ई20 ला (20 टक्के इथेनॉल) तो साडेतेराच्या आसपास येतो. लॅम्डा मात्र कुठल्याही पेट्रोलवर तोच राहतो. पूर्ण बूस्टला 0.82 च्या आसपास ठेवा.

आता लॅपटॉप. मूळ बूस्टवरच तीन ब्लॉक (ईसीयूतल्या आकड्यांचे गट) बघा. 032 मध्ये फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूनं केलेली पेट्रोलची दुरुस्ती, दहा टक्क्यांच्या आत. 115 मध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट. हा अ‍ॅब्सोल्यूट मिलिबारमध्ये, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून असतो, म्हणून इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन केलं तर कोल्हापुरात 950 च्या आसपास दिसतं आणि रत्नागिरीला समुद्राकाठी हजाराच्या पुढं. तिकडच्या मीटरवरचा एक बार इथं आणायचा तर या गाडीच्या छोट्या के03 टर्बोला थोडी जास्त धाव घ्यावी लागते आणि हवा जास्त तापते. तिसरा ब्लॉक 020, नॉकमुळं (पेट्रोलचा अवेळी स्फोट) प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती अंश मागं आलं ते. तीनपर्यंत ठीक. सहाला पोचलं तर पाय काढा. मूळ बूस्टवरच सहा दिसत असेल तर मॅप टाकूच नका, आधी पेट्रोल, प्लग आणि इंटरकूलर बघा. या गाडीचा इंटरकूलर फेंडरमध्ये कोंबलेला आणि छोटा आहे. आत ऑइल साठलेलं असतं, ते डीग्रीझरनं धुऊन पूर्ण वाळवून बसवा. एप्रिल-मेच्या दुपारी मी कुठलीच गाडी ट्यून करत नाही, पण मॅप मात्र त्याच दुपारीसुद्धा टिकेल असा पाहिजे.

एवढं सगळं पास झालं तरच बूस्ट, 0.1 बारच्या पायऱ्यांनी. प्रत्येक पायरीला लॉग. डायनो (गाडी जागेवर रोलरवर पळवायचं यंत्र) मिळाला तर उत्तम. हायवेवर कागलच्या बाजूला पळवून बघायचे धंदे करू नका, चालवता चालवता स्क्रीन वाचता येत नाही. मूळ टर्बोवर बाहेरच्या हवेच्या वर एक बारच्या आत आणि 300 न्यूटन मीटरच्या अलीकडं थांबा. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड बारीक आहेत आणि ते वाकतात टॉर्कनं, पॉवरनं नाही. म्हणून 2500 आरपीएमला एकदम झटका देणारा मॅप मी नाकारतो, बूस्ट 3500 पर्यंत चढत चढत यावा. बूस्ट मर्यादेबाहेर गेला तर पेट्रोल तोडणारा कट मॅपमध्ये शाबूत आहे ना, हे ट्यूनरला तोंडावर विचारा. सेन्सरला फसवणारे स्वस्त डबे नकोत.

क्लच घसरायला लागेल, त्याचे पैसे बाजूला ठेवा. ब्रेकचं ऑइल नवं भरा आणि पॅड चांगले टाका, आंबा घाट उतरताना त्याचीच गरज पडते. विमा कंपनीला बदल कळवा. न कळवलेल्या बदलावर क्लेम अडतो.

500 किलोमीटरनंतर सगळ्या क्लिप पुन्हा आवळा आणि चारही प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. त्याच दिवशी मूळ मॅप परत टाका आणि 020 पासून पुन्हा सुरू करा.