गेमची आयडिया सुचत नाहीये? एक दिवस गोदाघाटावर जाऊन बसा

गेम बनवायची इच्छा असलेली बरीच पोरं भेटतात, वही पण असते त्यांच्याकडे, आणि वहीत राजपुत्र, तलवार, राक्षस आणि पंधरा-वीस पानांची स्टोरी असते, फक्त खेळणारा माणूस नक्की करणार काय तेवढं लिहायचं राहिलेलं असतं. म्हणून स्टोरी आधी बाजूला ठेवा आणि एक क्रियापद शोधा. रचणे, लपवणे, उचलणे, वाटून देणे, काहीही चालेल. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्हने टेट्रिस बनवला तो पाच-पाच चौकोनांच्या तुकड्यांच्या एका कोड्यावरून, पाचाचे आकार जास्त होत होते म्हणून त्याने चारावर आणले, सात आकार उरले आणि "रचणे" एवढ्या एका क्रियापदावर जग आजही खेळतंय.

आता नुसतं क्रियापद पुरत नाही, माणूस कात्रीत सापडला पाहिजे. दोन्ही हवंय पण एकच हाताला लागणार, असं. आणि अशी कात्रीत सापडलेली माणसं शोधायला आपल्या नाशिकमध्ये लांब जावं लागत नाही.

माझं उदाहरण सांगतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण सगळे एकच विचारतो, मारुतीला कुठपर्यंत लागलं? रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हीच आपली पूर मोजायची पट्टी. पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. मला वाटलं यापेक्षा भारी टायमर कुठल्या गेममध्ये असणार! स्क्रीनवर आकडा नाहीच, खेळणारा म्हणजे घाटावरचा दुकानदार, त्याच्या दुकानातून मारुती दिसतो आणि पाणी कुठवर आलंय ते तुम्ही मान वळवून बघायचं, पण बघायला वळलात की तेवढा वेळ हात थांबले.

दुकान पूजेच्या सामानाचं. क्रियापद "उचलणे". कुंकू, वाती भिजल्या की गेल्या, तांब्याचे गडू भिजले तरी काही होत नाही पण वाहून जातात, मग ते दोरीने बांधून ठेवायचे का वरच्या गल्लीत न्यायचे, आणि बांधण्यात वेळ घालवला तर कुंकवाचं काय? तीन-चारच वस्तू आहेत बघा, पण प्रत्येकीचं दुखणं वेगळं, म्हणून डोकं चालवावं लागतं. दहा वस्तू घेतल्या असत्या आणि सगळ्या नुसत्या "भिजतात" असं ठेवलं असतं तर गेम झालाच नसता.

कॉम्प्युटर लगेच उघडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी पुठ्ठ्यावर मारुती काढला, पाण्याऐवजी निळा कागद खालून वर सरकवायचा, सामान म्हणून माचिसच्या काड्या आणि बटणं, आणि भाच्याला खेळायला बसवलं. पहिल्या डावात धरणाच्या विसर्गावरून पाणी किती चढणार हे पक्कं कळत होतं, तर त्याने सरळ हिशोब केला, जिंकला आणि उठून गेला. मग विचार केला की खरं तसं कुठे असतं, धरणाचं पाणी सोडल्याचं कळतं पण शहरात पडणारा पाऊस वेगळाच, म्हणून पावसाचा एक फासा ठेवला. पुढच्याच डावात पोरगं ओरडायला लागलं, "मामा थांब थांब, गडू राहू दे, आधी कुंकू!" खेळणारा असा तोंडाने बोलायला लागला की समजायचं आयडियेत जीव आहे.

अजून दोन देतो, हव्या असतील तर घ्या. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले मोठे हौद उघडतात, त्या वर्षभर बुजवलेल्या असतात आणि त्यात उडी मारायची म्हणजे धप्पा, तर नुसता धप्पा मारून रंगाचं पाणी कुठवर उडतं एवढ्यावर मस्त छोटा गेम होईल. दुसरी म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यातली अर्ली, म्हणजे हंगामाआधी येणारी द्राक्षं, छाटणी लवकर घेतली तर भाव चांगला पण पाऊस आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती, उशिरा घेतली तर बाग सुरक्षित पण बाजारात तोवर सगळ्यांचाच माल आलेला. शेतकरी दरवर्षी हा डाव खेळतो, खऱ्या पैशाने. त्यामुळे हा गेम करणार असाल तर आधी चार बागांवर जाऊन बसा, घरबसल्या आकडे टाकू नका.

कागदावर जमलं की मग कॉम्प्युटरवर गेम बनवायला स्क्रॅच किंवा गोडो ही सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही फुकट आहेत. चित्रं नंतर, आधी चौकोन-गोल टाकून खेळता येईल इतकंच करा. आणि दुसऱ्याला खेळायला देताना नियम समजावू नका, गप्प बसून त्याचा हात कुठे अडतो ते बघा, हे सगळ्यात अवघड आहे कारण तोंड उघडावंसं वाटतंच.

भाच्याने परवा सांगितलं की दोन दोऱ्या असल्या की फार सोपं जातं, एकच दे. तर आता एकच दोरी ठेवलीये.