कोल्हापूरहून गगनबावडा : एका दिवसात घाट पाहून परत

गगनबावडा कोल्हापूरपासून साधारण ५५ किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघालात तर नाश्त्याच्या वेळेला पोहोचता. पावसाळ्यात मात्र आदल्या रात्री पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पंचगंगा चढत असेल तर बेत रद्द. या रस्त्यावर बालिंगा, मांडुकली भागात पाणी येतं आणि परतीची वाट बंद होते. घाट चालू आहे का, हेही विचारून घ्या. दरडी कोसळल्या की वाहतूक थांबते.

टाकी कोल्हापुरातच फुल करा, टायरची हवा थंड असतानाच तपासा.

गगनबावड्यातून खाली दोन घाट फुटतात, करूळ आणि भुईबावडा. उतरायचं तर खरा प्रश्न ब्रेकचा. चौथ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवून उतरलं की लायनर तापतात, जळका वास येतो, पेडल दाबूनही गाडी पटकन थांबत नाही. म्हणून वळणाआधीच दुसऱ्यावर आणा, न्यूट्रल तर मुळीच नको. वास आलाच तर सुरक्षित जागी अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

धुक्यात हेडलाइट खालच्या बीमवर. अपर मारला की समोर नुसती पांढरी भिंत. काच आतून धुरकटली तर फडकं फिरवत बसू नका, एसी लावून हवा काचेकडे वळवा.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. अंधाराआधी घाट चढून वर या.